प्रबंधाचे अखेरचे प्रकरण

परदेशी विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात एक काळ असा येतो, की त्याचे अर्धे मन प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात आणि अर्धे घरच्या वाटेत गुंतलेले असते. शिष्यवृत्तीची मुदत सरत आलेली असते, मार्गदर्शकाच्या शंका अद्याप फिटावयाच्या असतात, आणि घरून दर आठवड्याला एकच पृच्छा होत असते: ‘कधी संपणार?’ अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, महाड या आपल्या किनाऱ्यावरील गावांतून असे विद्यार्थी आता अगदीच विरळा राहिलेले नाहीत. कोणी शिष्यवृत्तीवर गेला आहे, कोणी बँकेचे कर्ज काढून, तर कोणाच्या वडिलांनी वाडीचा तुकडा विकून त्याला पाठविले आहे. अशा विद्यार्थ्याविषयी गावात दोन प्रश्न विचारले जातात. पदवी केव्हा मिळणार, हा पहिला. आणि तो तिकडेच राहणार की परत येणार, हा दुसरा. परत आल्यावर त्या प्रबंधाचे येथे काय होणार, आणि त्यासाठी आपण काय तयारी ठेवली आहे, हा तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. वस्तुतः पहिल्या दोन प्रश्नांचे मोल या तिसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. ज्या विद्वानाच्या परदेशी अध्ययनाची खरी कसोटी रायगडच्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या, भूमीवर लागली ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे नेते म्हणून दरवर्षी त्यांचे स्मरण करतो. परंतु शिष्यवृत्ती संपलेला, प्रबंध अपुरा राहिलेला आणि परतीच्या बोटीची वाट धरावी लागलेला विद्यार्थी म्हणून त्यांचा विचार आपण क्वचितच करतो. आजच्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना शिकण्यासारखे जे आहे, ते मुख्यतः याच काळात आहे.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती आणि तिच्या मोबदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. केले, १९१६ मध्ये डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला आणि त्याच वर्षी ते लंडनच्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीला मिळालेली एका वर्षाची वाढ जून १९१७ मध्ये संपली. लंडनचे काम अर्ध्यावर होते, पण करार पाळणे भाग होते. महायुद्ध चालू होते. ते स्वतः एका बोटीने निघाले, सामान आणि पुस्तके दुसऱ्या बोटीने निघाली. ती दुसरी बोट पाणतीराला बळी पडून बुडाली. कित्येक वर्षे पोटाला चिमटा घेऊन जमविलेला ग्रंथसंग्रह समुद्रात गेला. बडोद्याला जाण्याचा खर्च त्या सामानाच्या नुकसानभरपाईतून भागवावा लागला, असे चरित्रकार सांगतात.

बडोद्याला काय घडले ते सर्वश्रुत आहे. कोलंबियात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याच्या टेबलावर शिपाई कागदपत्रे लांबून फेकीत. राहण्यास घर मिळेना. पारशी धर्मशाळेत कसाबसा आसरा घेतला, तर लाठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. काही आठवड्यांतच त्यांना मुंबईला परतावे लागले. शिष्यवृत्ती देणाऱ्या राजाची दृष्टी उदार होती यात शंका नाही. परंतु विद्यार्थ्याला परदेशी पाठविण्याची व्यवस्था संस्थानाने केली आणि त्याला परत घेण्याची व्यवस्था समाजाने केली नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर भांडवल गुंतविले गेले, पण ते ज्या यंत्रात लावायचे ते यंत्र जुनेच राहिले. दोष भांडवलाचा नव्हता.

या अनुभवानंतर दुसरा कोणी अपुरा प्रबंध विसरून गेला असता. आंबेडकरांनी लंडन विद्यापीठाकडून काम पुरे करण्यासाठी चार वर्षांपर्यंतची सवलत आधीच मिळविली होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातून त्यांनी पुंजी साठविली, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून उसने घेतलेले पैसे तिला जोडले आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. इकडे परळच्या चाळीत रमाबाईंनी अल्पशा रकमेत संसार रेटला. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर एकाचेच नाव असते. त्याची किंमत मात्र बहुधा घरातली दुसरी माणसे मोजत असतात. आज वाडी विकणाऱ्या बापाने आणि दागिने गहाण ठेवणाऱ्या आईने हे वाचले तर त्यांना ते निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

या दुसऱ्या खेपेच्या काळात एक विलक्षण योग जुळून आला. १९२० च्या आरंभी रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्याही वर चढला होता. सरकारने तो दोन शिलिंगांवर बांधण्याचा खटाटोप केला आणि तो फसला. १९२१ मध्ये रुपया सोळा पेन्सांच्याही खाली घसरला. रुपयांत साठविलेल्या पैशावर लंडनमध्ये दिवस काढणाऱ्या, अथवा मुंबईहून पैसे येण्याची वाट पाहणाऱ्या प्रत्येक हिंदी विद्यार्थ्याच्या ताटात ही घसरण उतरली असणार. आणि अशाच वेळी हा विद्यार्थी ‘रुपयाचा प्रश्न’ या विषयावर प्रबंध लिहीत होता! विषय ग्रंथालयातला होता, तसाच तो खिशातलाही होता.

त्या प्रबंधाचा गाभा आजही ध्यानात घेण्याजोगा आहे. हिंदुस्थानात तेव्हा रुपयाचा परकी चलनाशी असलेला विनिमयदर टिकविण्यावर सारी चलनव्यवस्था उभी होती. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जॉन मेनार्ड केन्स यांनी या पद्धतीची तरफदारी केली होती. आंबेडकरांचे म्हणणे असे, की विनिमयदर स्थिर दिसला तरी रुपयाची देशांतर्गत क्रयशक्ती स्थिर राहीलच असे नाही. रुपये पाडण्यावर आपोआप लागू होणारी मर्यादा नसेल तर किंमती वाढतात, आणि किंमतींच्या मागून मजुरी लंगडत येते. रुपया घसरला की निर्यात वाढते म्हणून आनंद मानणाऱ्यांना त्यांनी विचारले, की हा लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि कोणाच्या पदरातून जातो? व्यापाऱ्याचा नफा हा पुष्कळदा मजुराच्या घटलेल्या खऱ्या वेतनातून आलेला असतो. नाण्यांच्या टाकसाळीचा हिशेब करता करता हा विद्यार्थी गिरणीच्या दारापर्यंत आणि शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचला होता.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध सादर झाला आणि पुढील अध्ययनाच्या इराद्याने ते जर्मनीत बॉनला गेले. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांचा अभिप्राय आला, की प्रबंध नव्याने लिहावा. मांडणी साम्राज्यसरकारच्या धोरणावर फार तिखट झाली होती. निष्कर्ष न बदलता तो पुन्हा लिहावा, अशी अपेक्षा होती, असे चरित्रकार सांगतात. पैसे संपले होते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, म्हणजे पदवी हाती न घेताच परतले. प्रबंध त्यांनी येथे बसून पुन्हा लिहिला, ऑगस्टमध्ये लंडनला धाडला, आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये त्यांना डी. एस्सी. मिळाली. वर्ष संपता संपता तो ग्रंथरूपाने निघाला. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि तीत लेखकाशी असलेला मतभेद न लपविता त्याच्या विचारांचा ताजेपणा मान्य केला. कोलंबियाची कथा याहून लांबली. तेथे ग्रंथ छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पदवी प्रदान होत नसे. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील तो ग्रंथ १९२५ मध्ये निघाला आणि पीएच. डी. रीतसर मिळाली ८ जून १९२७ रोजी. महाडच्या चवदार तळ्यातील ओंजळभर पाणी त्यांनी प्राशन केले ते २० मार्च १९२७ रोजी, म्हणजे त्या पदवीच्या अडीच महिने आधी.

या तारखांचा क्रम मुद्दाम सांगितला. प्रबंध, पदवी आणि परतणे ही तीन कामे एकामागून एक ओळीने होतात, ही आपली समजूत त्यामुळे दूर होते. प्रबंध परदेशात सुरू होतो, बोटीत बुडतो, नोकरी करताना थांबतो, चाळीत बसून पुन्हा लिहिला जातो. आणि त्याचा अर्थ कधी कधी पदवीच्या आधीच समाजात उतरू लागतो.

मुंबईच्या धक्क्यावर उतरले म्हणजे परतीचा प्रवास संपला, असे आपण समजतो. आंबेडकरांच्या बाबतीत तो पुढे चार वर्षे चालला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला ते निघाले तेव्हा रस्त्यावरील मोटारवाले आपल्याला नेतील याचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी समुद्रमार्ग पत्करला. सहकाऱ्यांसह ते मुंबईहून बोटीने किनाऱ्याकिनाऱ्याने आले, सावित्रीच्या खाडीतून दासगावच्या बंदरास लागले आणि तेथून पायी महाडला गेले. युरोपातून येणारी मोठी बोट आणि दासगावला लागणारी ही छोटी बोट, या दोन्ही एकाच प्रवासाच्या आहेत. पहिलीने विद्वान देशात आला. दुसरीने त्याची विद्या लोकांत आली.

तळ्याचा प्रश्न माणुसकीचा होता. पण अर्थशास्त्रज्ञाचे काम तेथे थांबले नाही. आपल्या किनाऱ्यावर खोतीची पद्धत होती. सरकार आणि कूळ यांच्या मध्ये खोत, आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी. १९३३ च्या ऑक्टोबरात अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला. हा संप सुमारे सहा वर्षे चालला. १९३४ साली चरीला भरलेल्या शेतकरी परिषदेचे अध्यक्ष आंबेडकर होते. सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणच्या शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. ज्याने टाकसाळीच्या हिशेबात श्रमिकाचा वाटा शोधला होता, तो खोताच्या खळ्यावर तोच हिशेब मागत होता. प्रबंधाचे अखेरचे प्रकरण लंडनला लिहिले गेले नाही. ते चरीच्या बांधावर लिहिले गेले.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना दिल्या पाहिजेत. रिझर्व्ह बँक ही ‘रुपयाच्या प्रश्ना’तूनच जन्मली, असे अलीकडे सर्रास सांगितले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारणे बरे नव्हे. खरे ते असे, की हिंदी चलनाविषयीच्या शाही आयोगापुढे १९२५ मध्ये आंबेडकरांनी साक्ष दिली. मध्यवर्ती बँकेची शिफारस त्या आयोगाची होती आणि बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. त्याच बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, चिंतामणराव देशमुख, हे आपल्याच जिल्ह्यात नाते येथे जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकून आलेले. विद्वानाचे ऋण मान्य करण्यास अतिशयोक्तीची गरज नसते. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. महाड आणि चरी एकट्या माणसाच्या विद्वत्तेवर घडले नाहीत. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव कायदेमंडळात १९२३ मध्येच झाला होता. तळे खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखी माणसे येथे आधीपासून जमीन नांगरीत होती. बडोद्यात मिळाली नाही ती तयार भूमी विद्येला महाडमध्ये मिळाली. विद्वान तोच होता. फरक घेणाऱ्यांत होता.

हा फरक आजही निर्णायक आहे. अस्पृश्यता कायद्याने गेली आहे, फायली फेकल्या जात नाहीत. परंतु परत येणाऱ्या अभ्यासकाला आपण जे देतो ते काय आहे? तालुक्याच्या महाविद्यालयात शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याचे उत्तर पाठ आहे. कायम जागा भरल्या जात नाहीत. तरुण डॉक्टर तासिका तत्त्वावर, सुट्टीच्या दिवसांचे मानधन गमावीत, एका महाविद्यालयातून दुसऱ्यात धावत असतो. घरी त्याला विचारले जाते, की तिकडे महिना किती मिळाला असता? नातलगांच्या दृष्टीने तो हरून परतलेला असतो. आणि त्याचा प्रबंध? तो परदेशातील विद्यापीठाच्या संग्रहात सुखरूप असतो. ज्या खाडीकाठच्या शेतकऱ्याने दोन दुपारी त्याच्या प्रश्नांची उत्तरे देण्यात घालविली, त्याच्यापर्यंत त्यातली एक ओळ मराठीत पोहोचत नाही.

आणि प्रश्न तर उंबऱ्यावर उभे आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरूडकडील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. पोफळ पुन्हा धरती होईपर्यंतची वर्षे एका कुटुंबाने कशी काढावीत, हा अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे. खारभूमीचे बांध फुटतात आणि भाताच्या शेतात खारे पाणी शिरते. तो बांध कोणी राखायचा, गावाने, शासनाने की जमीन घेऊन ठेवलेल्या मुंबईकराने? जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू सुरू झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. अशा किनाऱ्यावर जमीन विकून मुलाला शिकविणे शहाणपणाचे की वेडेपणाचे, हा हिशेब कोणी तरी मांडावयास हवा. हे विषय लंडनच्या अथवा न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात सुचतील, पण पुरे येथेच होतील.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो क्षुल्लक नाही. परदेशी राहिलेला मुलगा घरी पैसे पाठवितो; त्या पैशाने कर्ज फिटते, घर उभे राहते, धाकटी बहीण शिकते. मग परत येण्याचा आग्रह कशासाठी? आग्रह कोणावर धरू नये, हेच खरे. कर्ज डोक्यावर असलेल्या मुलाला देशप्रेमाचे धडे देणे हे सुखवस्तू माणसाचे काम आहे. रुपया घसरला की परदेशी शुल्क आणि तेथला खर्च भारी होत जातो, आणि मग परकी चलनात कमावूनच कर्ज फेडावे असे त्याला वाटले तर तो दोषी नव्हे. परंतु पाठविलेला पैसा एका घराचे उत्पन्न वाढवितो. परत आलेली विद्या साऱ्या गावाची समज वाढविते. पहिल्याचा हिशेब बँकेच्या पुस्तकात दिसतो, दुसऱ्याचा कोठेच दिसत नाही, एवढ्याने तो शून्य ठरत नाही. शिवाय जे परत येऊ इच्छितात त्यांचीच वाट आपण अडवून ठेवतो, हे कसे समर्थनीय ठरेल?

म्हणून तीन गोष्टी मागाव्याशा वाटतात. पहिली शासनाकडे. परदेशी शिष्यवृत्त्या आज शासनाच्याही आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली योजना आपल्या परिचयाची आहे. प्रबंधाचा सर्वांत नाजूक काळ शेवटचा असतो. परीक्षकांनी दुरुस्त्या सुचविल्या आणि मुदत संपली, तर आधीचा सारा खर्च धोक्यात येतो. शेवटच्या सहा-आठ महिन्यांची तरतूद आणि दुरुस्तीसाठीची मुदत ही शिष्यवृत्तीचीच अंगे मानावीत. लंडन विद्यापीठाने १९१७ मध्ये चार वर्षांची सवलत दिली नसती तर ‘रुपयाचा प्रश्न’ लिहिलाच गेला नसता. दुसरी मागणी महाविद्यालयांच्या चालकांकडे. परतलेल्या अभ्यासकाला कायम जागा द्यावी, आणि ती देता येईपर्यंत निदान ग्रंथालय आणि वाचण्यापुरता मोकळा वेळ तरी द्यावा. तिसरी मागणी अभ्यासकाकडेच. ज्या गावावर प्रबंध लिहिला त्या गावात, तेथील भाषेत, एक संध्याकाळ उभे राहून आपण काय शोधले ते सांगावे, आणि पंचवीस-तीस पानांचा मराठी सारांश तालुक्याच्या वाचनालयात ठेवावा. याला पैसे फारसे लागत नाहीत. शेतकऱ्याने उलटून प्रश्न विचारले तर बसावे, ऐकावे. कोणत्याही परीक्षकमंडळाहून ती परीक्षा अवघड असते.

परदेशातील एखाद्या खोलीत शेवटच्या प्रकरणाशी झुंजत बसलेल्या आपल्या विद्यार्थ्याला एवढेच सांगावे: काम पुरे कर, घाईने नव्हे. दुरुस्त्या सुचविल्या गेल्या तर अपमान मानू नकोस. निष्कर्ष सोडू नकोस, मांडणी पुन्हा पाहा. पेटी भरताना पुस्तके आणि टिपणे जपून आण. आणि गावात उरलेल्या आपण सर्वांनी, शिक्षकांनी, कारकुनांनी, विद्यार्थ्यांनी, स्वतःला विचारावे, की तो येईल तेव्हा त्याला भेटणारे गाव बडोद्यासारखे असेल की महाडमध्ये आधीपासून राबणाऱ्या त्या मूठभर माणसांसारखे? प्रबंध पुरा करणे त्याच्या हाती आहे. परतणे पुरे करणे आपल्या हाती आहे.